लाल पेटी रिकामी का राहते?

प्रश्न : भोसरीत आमचं १४ माणसांचं सीएनसी टर्निंगचं (संगणकावर चालणाऱ्या लेथचं) वर्कशॉप आहे. 'चुकांतून शिका' असा बोर्ड लावला, ट्रेनिंगही दिलं. तरी ऑपरेटर खराब पीस लपवतात, मग माल ग्राहकाकडून परत येतो. नवीन मुलं तर काही विचारतच नाहीत. काय करावं?

उत्तर : आधी पगाराचा हिशेब बघा. रिजेक्शनचे पैसे इन्सेंटिव्हमधून कापत असाल, तर पीस लपवण्यातच माणसाचा शहाणपणा आहे. बोर्ड काय करणार? स्वतःहून लाल पेटीत, म्हणजे खराब मालाच्या पेटीत, टाकलेल्या पीसवरची कपात बंद करा. सुरुवातीला रिजेक्शनचा आकडा वाढलेला दिसेल. दचकू नका, आजवर लपलेलं आता मोजलं जातंय.

पेटीतल्या पीसला टॅग लावा : मशीन, वेळ, माप. नाव नको.

समजा २५ मिमीचा शाफ्ट आहे, टॉलरन्स (मापातली चालणारी सूट) एच७, म्हणजे २४.९७९ ते २५.०००. इन्सर्ट (टूलचं कापणारं टोक) झिजत गेला की व्यास चढतो : २४.९८६, २४.९९१, २४.९९६. दर दहाव्या पीसचं माप लिहिणाऱ्या मुलाला हे माल बिघडण्याआधीच दिसतं. तो "साहेब, साईज चढतेय" म्हणाला, की सुपरवायझरच्या तोंडून पहिलं वाक्य काय निघतं, तिथेच सगळी मेख आहे. "इतकंही कळत नाही?" ऐकलेला मुलगा पुन्हा तोंड उघडत नाही. "कितव्या पीसपासून?" एवढंच विचारा. वेअर ऑफसेटमध्ये (टूलची झीज भरून काढायच्या मशीनमधल्या नोंदीत) एक्सला, म्हणजे व्यासाच्या अक्षाला, उणे ०.०१० त्याच्याच हातून टाकून घ्या, पुढचा पीस त्यालाच मोजू द्या.

टोयोटाच्या लाइनवर कामगाराने अडचण कळवायची दोरी ओढली की टीम लीडर लगेच येतो. ठरलेल्या जागेपर्यंत अडचण सुटली तर लाइन थांबतही नाही. आपल्याकडे दोरीची नक्कल होते, धावून येणारा माणूस मात्र नेमलेला नसतो. प्रत्येक शिफ्टला एकाचं नाव ठरवा.

स्किल मॅट्रिक्स (कोणाला कोणतं काम येतं याचा तक्ता) बहुधा तुमच्याकडेही असेल, ऑडिटपुरता. त्यात प्रत्येकासमोर पुढची एकच पायरी आणि तारीख लिहा, 'सेटिंग, मशीन ३' अशी. शिकायला आठवड्यातून एक तास द्या, पण महिनाअखेरीला नको. डिस्पॅचच्या गडबडीत तो तास हमखास बुडतो.

आणि माप न घेताच रिपोर्टमध्ये आकडे भरणारा? ती शिकताना झालेली चूक नव्हे. तिथे समज द्यावीच लागते, पण चारचौघांत नको.