परराष्ट्र खात्याच्या फायली मागताना

बेळगावातून परराष्ट्र मंत्रालयाकडे माहिती अधिकाराचा अर्ज करताय ना, मग तो मराठीत लिहू नका. कलम ६(१) प्रमाणे इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा चालते, आणि आपल्याकडे ती कन्नड. हे मनाला लागतं, पण भाषेवरून अर्ज अडकायला नको. १० रुपये केंद्राच्या आरटीआय पोर्टलवर भरा, राज्याच्या नव्हे.

१९६१ आधीचा गोव्याबाबतचा पत्रव्यवहार हवा असेल, तर आधी राष्ट्रीय अभिलेखागाराचं 'अभिलेख पटल' हे संकेतस्थळ धुंडाळा. फाईल क्रमांक सापडला की निम्मं काम झालं. "गोवा प्रश्नाची सगळी कागदपत्रं" अशी मोघम मागणी बहुधा फसते. वर्ष, विभाग, विषय नेमका द्या.

नकार आलाच तर पोटकलम बघा. कलम ८(१) मधलं 'एफ', म्हणजे परदेशी सरकारनं विश्वासानं दिलेली माहिती, २० वर्षांपूर्वीच्या घटनांना ८(३) मुळे लागू राहत नाही. 'ए', म्हणजे परराष्ट्र संबंधांना बाधा, मात्र तेव्हाही टिकतं. तिथं कलम १० धरा: गोपनीय मजकूर झाकून उरलेली पानं मागा. पहिलं अपील ३० दिवसांत, त्याच मंत्रालयातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे.