मोठ्या भांड्यावरचे लेबल

सदाशिव पेठ, पुणे
घटस्थापना

प्रिय बाळ,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझी यादी मिळाली. कोथरूडच्या भाड्याच्या घरासाठी दसऱ्याला घ्यायच्या चार वस्तू, म्हणजे एअर फ्रायर, लादी पुसणारा रोबो, घडीचा ट्रेडमिल आणि आकाशदर्शनाची दुर्बीण, त्यांच्यापुढे किमती, किमतींपुढे महिन्याचे हप्ते आणि अगदी खाली ‘काका, कोणत्या कंपनीचे घेऊ?’ एवढा एकच प्रश्न. त्या प्रश्नाचे उत्तर मी देणार नाही. चौतीस वर्षे दुरुस्तीच्या टेबलामागे बसल्यावर कंपन्यांविषयी मला जेवढे कळले, त्याहून कितीतरी अधिक हे कळले की कोणती वस्तू घरात वापरली जाते आणि कोणती नुसती राहते. आणि तुझ्या यादीला खरी गरज या दुसऱ्या माहितीची आहे.

अकरावीच्या सुट्टीत तू दुकानात सोल्डरिंग शिकायला येत होतीस, तेव्हा मी एका मिक्सरची तीन भांडी तुझ्यापुढे ओळीने मांडली होती, ते तुला आठवत असेल. चटणीच्या भांड्याची पाती बोथट झालेली, पात्यांच्या दांड्याभोवतीचा बुश घासून सैल पडल्यामुळे खालून काळपट पाणी झिरपणारे, भांडे मोटरला जोडणाऱ्या कपलरचे दात झिजून गोल झालेले आणि झाकणाची रिंग पिवळी पडून ताणली गेलेली. मधल्या भांड्याची अवस्था बरी म्हणावी अशी. आणि मोठ्या भांड्यावर, ज्यात रस काढायचा असतो त्या भांड्यावर, कंपनीचे लेबल अजून जसेच्या तसे चिकटलेले. तो मिक्सर नऊ वर्षांचा होता. पुढे असे शेकडो मिक्सर माझ्या हाताखालून गेले आणि बहुतेकांची कथा हीच निघाली. दाण्याचे कूट, आले-लसणाचे वाटण, ओल्या खोबऱ्याची चटणी ही कामे त्या घरांत मिक्सर येण्यापूर्वीही रोज होत होती. पाट्या-वरवंट्यावर किंवा खलबत्त्यात कोणाचे तरी हात त्यांत दुखत होते. लहान भांड्याने ते दुखणे उचलले. रोज सकाळी पेलाभर रस काढणारे माणूस मात्र त्या घरात कधीच नव्हते, म्हणून मोठ्या भांड्याला उचलायला काहीच मिळाले नाही. तेव्हा वस्तू घेण्याआधी मी हेच पाहतो, की हे काम आज त्या घरात होते का, आणि ते करताना कोणाचे हात दुखतात.

हे शहाणपण मी स्वतः पाळले असे मात्र नाही. पत्नीच्या पन्नासाव्या वाढदिवसाला मी विजेवर चालणारा रोटी मेकर आणला होता. दोन तापलेल्या तव्यांमध्ये कणकेचा गोळा ठेवायचा, दांडा दाबायचा, की पोळी तयार. दुकानात दाखवणाऱ्या मुलाने अगदी चंद्रासारखी गोल पोळी करून दाखवली आणि मी भुललो. आमच्या घरी पोळी घडीची होते: लाटी थोडी लाटून तिला तेल आणि पिठी लावायची, दोनदा घडी घालायची, पुन्हा लाटायची, म्हणजे भाजल्यावर पदर सुटतात. दाबाच्या यंत्रात ते पदर एकमेकांत मिसळून जातात. शिवाय त्याला कणीक नेहमीपेक्षा सैल लागते आणि ती चांगली मुरावी लागते. घट्ट कणीक दाबली की दांडा उचलताच रबरासारखी आक्रसते आणि पोळी वातड होते. चौथ्या दिवशी पत्नीने शांतपणे सांगितले, “याची कणीक वेगळी, पोळी वेगळी आणि पुसायचा त्रास वेगळा. माझे पोळपाट-लाटणे कुठे ठेवले आहे तेवढे सांगा.” पोळ्या करणारी ती, आणि यंत्र निवडणारा मी; घोटाळा तिथेच झाला होता. म्हणून तुझ्या त्या रोबोविषयी एवढेच विचारतो, की तुझ्याकडे लादी पुसायला ज्या मावशी येतात त्यांना तू विचारलेस का? असे बहुतेक रोबो साधारण दोन सेंटिमीटरपर्यंतचा उंबरा चढतात, त्यापुढे अडतात, आणि तुझ्या खोलीत जमिनीवर पसरलेल्या चार्जरच्या वायरी तर ते हमखास गिळतील. रोबो फिरण्यापूर्वी जमीन आवरून ठेवावी लागते, आणि तुला कंटाळा नेमका त्याच कामाचा आहे.

एअर फ्रायरविषयी जरा सविस्तर लिहितो, कारण त्याच्या नावातच फसगत आहे. ती एक लहान भट्टी आहे. वरच्या बाजूला तापणारी कॉइल असते, तिच्याजवळ पंखा असतो आणि गरम हवा जाळीच्या टोपलीभोवती जोरात फिरवली जाते. बटाट्याच्या फोडी, पनीर, कोंबडीचे तुकडे, आदल्या दिवशीचे समोसे यांना ती छान कुरकुरीत करते. भजी मात्र तिच्यात होत नाहीत, कारण कढईतले कडकडीत तापलेले तेल भज्याचे ओले पीठ क्षणात धरून ठेवते, हवेला ते जमत नाही, आणि पीठ जाळीतून खाली ओघळते. आता तू एकटी राहतेस, हिंजवडीहून रात्री आठला घरी पोहोचतेस आणि गेल्या महिन्यात तळण किती वेळा केलेस हे तुलाच ठाऊक. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर महिनाभर एक खूण करत जा: ज्या दिवशी फ्रायर असता तर आज खरोखर लावला असता असे वाटले, त्या दिवशी. आठ-दहा खुणा झाल्या तर खुशाल घे.

पण त्याआधी ओट्यावरचे सॉकेट पाहा. हे कोणी सांगत नाही आणि मी याच कारणाने पडून राहिलेली अनेक यंत्रे पाहिली आहेत. आपल्या घरातले साधे सॉकेट ६ अँपिअरचे असते. २३० व्होल्टला त्यातून साधारण १३८० वॅट मिळतात. बाजारातले बरेच एअर फ्रायर १४०० ते १७०० वॅटचे असतात आणि त्यांना मोठ्या पिनचा, १६ अँपिअरचा पॉइंट लागतो. जुन्या इमारतींच्या स्वयंपाकघरात असा पॉइंट एखादाच असतो आणि तो बहुधा फ्रिजच्या मागे अडकलेला असतो. मग माणूस कन्व्हर्टर लावून साध्या सॉकेटमध्ये प्लग बसवतो, पिना तापतात, प्लास्टिक तपकिरी पडते, जळका वास येतो, आणि घाबरून ते यंत्र जे खोक्यात परत जाते ते पुन्हा बाहेर येत नाही. भाड्याच्या घरात भिंत फोडून नवी वायर ओढायला घरमालक परवानगी देईल का, हा प्रश्न किमतीच्या आधी विचारायचा आहे.

ट्रेडमिलवर वाळत घातलेल्या कपड्यांचा विनोद इतक्या जणांनी केला आहे की मी तो करत नाही. त्याऐवजी एक आकडा सांगतो. स्टेफानो डेलाविन्या आणि उल्रिके मालमेंडियर या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील तीन व्यायामशाळांच्या ७,७५२ सभासदांची हजेरी तपासून २००६ साली एक निबंध प्रसिद्ध केला. महिन्याला ७० डॉलरहून अधिक ठरावीक शुल्क भरणारे सभासद महिन्यातून सरासरी ४.३ वेळाच येत होते, म्हणजे एका खेपेला त्यांना १७ डॉलरहून जास्त पडत होते. त्याच ठिकाणी दहा खेपांचा पास घेतला असता तर खेप १० डॉलरला पडली असती. ही माणसे हिशेबाला कच्ची नव्हती. आपण पुढच्या महिन्यात किती वेळा जाऊ, याविषयी त्यांनी स्वतःवर जरा जास्त विश्वास ठेवला. तू पावसाळ्याचे कारण देशील. टेकडीवर चिखल असतो, हे मान्य. पण आता पाऊस ओसरतो आहे आणि वेताळ टेकडी तुझ्या घरापासून चालत जाण्याजोगी आहे. दिवाळीपर्यंत आठवड्यातून चार दिवस टेकडी चढलीस, तर पुढच्या जूनमध्ये ट्रेडमिल घेताना मी स्वतः तुझ्याबरोबर येईन.

हप्त्यांविषयी थोडेच लिहितो. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्ये बँकांच्या शून्य टक्के व्याजाच्या योजनांना मनाई केली, तेव्हापासून ‘विनाखर्च हप्ता’ (नो-कॉस्ट ईएमआय) याचा अर्थ असा झाला, की व्याजाइतकी रक्कम सुरुवातीला सवलत म्हणून कापली जाते आणि बँक व्याज लावतेच. कार्डावरच्या हप्त्यात त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी येतो, आणि बरेचदा प्रक्रिया शुल्कही. रक्कम मोठी नाही. मला खुपते ते दुसरेच: वस्तूचा वापर दीड-दोन महिन्यांत थांबतो आणि हप्ता वर्षभर चालू राहतो. दसरा साडेतीन मुहूर्तांपैकी एक आहे, हे मी मानतो. पण मुहूर्त वस्तू घरी आणण्याचा असतो, ती वापरण्याचा मुहूर्त कोणत्याच पंचांगात सापडत नाही.

न वापरलेली वस्तू निदान नवी तरी राहते, असा एक गोड समज आहे. माझ्या टेबलावर सर्वांत चकचकीत अवस्थेत आलेल्या वस्तूच पुष्कळदा सर्वांत वाईट बिघडलेल्या असत. लिथियमची बॅटरी पूर्ण उतरलेल्या स्थितीत महिनोन्‌महिने पडली, की तिचा व्होल्टेज इतका खाली जातो की आतले संरक्षक सर्किट पुढे चार्जिंगच घेऊ देत नाही. असा कॅमेरा किंवा ट्रिमर ठेवायचाच असेल तर बॅटरी निम्मी भरून ठेवावी. रिमोटमधले अल्कलाइन सेल गळून पट्ट्यांवर पांढरी खरपुडी धरते. ती क्षाराची असते, म्हणून लिंबाच्या रसात भिजवलेल्या कापसाने पुसली तर निघते, पण खालची पट्टी खाल्ली गेली असेल तर त्याला इलाज नाही. पट्टे ताठरतात, ग्रीस घट्ट होते. आणि भिंगांना बुरशी लागते, ज्यावरून मी तुझ्या दुर्बिणीकडे येतो.

यादीतली हीच एक वस्तू तू मनापासून लिहिली आहेस, हे अक्षरावरूनही कळते, म्हणून तिच्याबाबतीत मला अधिक जपावेसे वाटते. १९९७ च्या वसंतात हेल-बॉप धूमकेतू आला होता. संध्याकाळी वायव्येला तो नुसत्या डोळ्यांनी लख्ख दिसत असे, आणि तरीही मी त्याच्यासाठी ६० मिलिमीटरची दुर्बीण घेतली. खोक्यावर ५२५ पट असे मोठ्या अक्षरांत छापले होते. दुर्बिणीच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये जितका, त्याच्या साधारण दुपटीपर्यंतच वर्धन उपयोगी पडते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. म्हणजे माझ्या दुर्बिणीची मर्यादा १२० पटीच्या आसपास होती आणि त्यापुढे दिसणार होते ते फक्त मोठे आणि अंधूक. तिवई इतकी हलकी होती की डोळा लावताच आकाश थरथरायचे. धूमकेतूची सुंदर लांब शेपटी त्या अरुंद दृष्टिक्षेत्रात मावली नाही. मला दिसला तो एक पांढुरका डाग. दोन संध्याकाळी मी गच्चीवर गेलो. मग पावसाळा आला, आणि पुण्याचे आकाश जूनपासून सप्टेंबरपर्यंत बहुतेक झाकलेलेच असते, म्हणून दुर्बीण माळ्यावर गेली. दोन वर्षांनी खाली काढली तेव्हा भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे बुरशीचे तंतू पसरले होते. ते मी काढले. त्यांनी कडेला कोरलेला व्रण अजून आहे.

तेव्हा तू असे कर. टिळक रस्त्यावर टिळक स्मारक मंदिरात ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे. १९४४ साली स्थापन झालेली, हौशी आकाशनिरीक्षकांची आपल्या देशातली सर्वांत जुनी संस्था. त्यांच्या आकाशदर्शनाच्या कार्यक्रमाला जा, वेगवेगळ्या दुर्बिणींना डोळा लाव, आणि पहाटे थंडी वाजू लागल्यावर आपण सतरंजीवर आडवे होतो की मृगातला तेजोमेघ पाहायला रांगेत उभे राहतो, याकडे लक्ष ठेव. त्यानंतरही ओढ राहिली तर आधी १०×५० ची, म्हणजे दहा पट वर्धनाची आणि ५० मिलिमीटर भिंगांची, द्विनेत्री घे. कृत्तिकांचा पुंजका लहान दुर्बिणीपेक्षा तिच्यातून अधिक देखणा दिसतो.

आणि दुर्बीण हवीच असेल तर माझी घेऊन जा. तिवईच्या मधोमध वाळूची पिशवी टांगली की ती बरीच स्थिर राहते. पिशवी मी शिवून ठेवली आहे. नळीबरोबर ओल शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी ठेव. येताना आईने दिलेला तो मिक्सरही आण. तो खडखडतो असे तू ओझरते लिहिले आहेस, त्याअर्थी त्याचा कपलर गेला असणार, आणि तपकीर गल्लीत तो थोडक्या पैशांत मिळतो. तुझ्या सगळ्या पत्रात रोज वापरली जाणारी वस्तू तीच एक दिसते, आणि ती यादीत नाही.

दुर्बिणीच्या खोक्यात एक निळी वही आहे. तीत तारीख, वेळ आणि काय दिसले असे रकाने आखलेल्या पानांवर माझ्या हातच्या दोनच नोंदी आहेत, दोन्ही एप्रिल १९९७ च्या. होळीला दुर्बीण परत आणशील तेव्हा मी आधी ती वही उघडून पाहीन. नव्या दुर्बिणीच्या किमतीचे आणि कंपनीचे त्यानंतर बोलू.

तुझा,
काका