स्की ट्रिपसाठी ब्रेकेनरिज, वेल की पार्क सिटी? एपिक पास घ्यावा का?

तुमचा प्रश्न वाचला, स्कीसाठी कोलोरॅडोतलं ब्रेकेनरिज किंवा वेल की युटातलं पार्क सिटी, आणि तिन्हीकडच्या लिफ्टना चालणारा एपिक पास घ्यावा का. न्यू जर्सीहून दोन फॅमिली, ख्रिसमसचा आठवडा, मुलगा ६ वर्षांचा, कोणीच आधी स्की केलेलं नाही, आई भारतातून आल्यात, सगळं समजलं. पण शेवटी तुम्ही सहज लिहून गेलात की "मिसेस आणि आई स्की करणार नाहीत, त्या घरी राहून जेवणाचं बघतील, त्यामुळे किचन मोठं हवं." या वाक्यासाठी मी लॉगिन केलंय. मिसेसना विचारलंत का? की तुमचं तुम्हीच ठरवलंत?

आमच्याकडे हेच झालं होतं. ब्रेकेनरिजला मोठं घर घेतलं, आम्ही, दीर-जाऊ आणि भाऊजींचे मित्र सहकुटुंब. प्लॅनिंग सगळं भाऊजींकडे. एक्सेल शीट केली होती, त्यात दोन कॉलम, स्कीअर आणि नॉन-स्कीअर, आणि नॉन-स्कीअरमध्ये झाडून सगळ्या बायका आणि पाठदुखीवाले एक गृहस्थ. मी म्हटलं मला शिकायचंय, तर भाऊजी म्हणाले, "वहिनी, लेसनला ढीगभर डॉलर जातात आणि तुम्ही दोन तासांत कंटाळून परत येणार, पैसे वाया." नवरा गप्प. त्यावर वेगळं उत्तर लिहावं लागेल, ते राहू दे.

आता ब्रेकेनरिज गावच मुळात ९६०० फुटांवर आहे. तिथे पाणी ९० अंशांच्या आसपासच उकळतं, म्हणजे भांड्यात खळखळ आवाज जोरदार, पण डाळ काही शिजत नाही. कुकर नव्हता, कारण एअरपोर्टवर बॅगेचं वजन जास्त भरलं तेव्हा भाऊजींनी कुकर काढून गाडीत ठेवला आणि स्वतःचे नवे कोरे स्की बूट राहू दिले. तूरडाळ दुपारी शेगडीवर चढवली, संध्याकाळी मंडळी परत आली तरी बोटाने दाबून बघितलं की मधे पांढरा कडक कण लागायचा तो लागायचाच. भाताचं तेच, वरून लगदा आणि आत कच्चा. आणि दिवसभर बर्फात मजा करून आलेल्यांपैकी एकाने ताटावर बसून म्हणावं, "वरण जरा कच्चं वाटतंय का?" कोण ते लिहीत नाही, घरचेच आहेत.

दुसऱ्या दिवशी पोहे झाले, खिशात न्यायला पराठ्यांच्या फॉइलमधल्या गुंडाळ्या झाल्या, मंडळी गेली आणि मी जावेला म्हटलं, चल गं. गावातून पीक ८ या डोंगराच्या पायथ्याला जाणारा गोंडोला, म्हणजे बंद डब्यांची केबल कार, फुकट असतो, स्की नसली तरी बसता येतं. जानेवारीतला मधला वार होता म्हणून लेसनमध्ये जागा मिळाली (ख्रिसमसला अशी आयत्या वेळी मिळणार नाही, हे लक्षात ठेवा). इन्स्ट्रक्टर म्हणजे पांढऱ्या मिशांचे एक आजोबा. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, मोजे किती? मी थंडीच्या धाकाने लोकरीचे दोन घातलेले. बाकावर बसवून बूट काढायला लावला आणि एक मोजा खिशात टाकायला सांगितला. एकच पातळ मोजा, पोटरीपर्यंत येणारा, आणि थर्मलचा पायसुद्धा बुटात कोंबायचा नाही. नडगी बुटाच्या पुढच्या जिभेला घट्ट टेकलेली पाहिजे, मधे काही जाड आलं की पाय आत हलतो आणि मग तुम्ही वळता, स्की वळत नाही.

तो सगळा तास मॅजिक कार्पेटच्या बाजूला, म्हणजे तो बर्फातला सरकता पट्टा असतो ना, तिथे पडण्यात गेला. पडल्यावर लगेच उठायचं नाही, आधी दोन्ही स्की उताराला आडव्या करायच्या आणि मग उठायचं, नाहीतर उठताक्षणी परत घसरगुंडी. आणि सगळ्यात कठीण काय तर भीती वाटली की माणूस मागे रेलतो, मागे रेललं की स्कीची पुढची टोकं हलकी पडतात, ती वळतही नाहीत आणि थांबतही नाहीत, म्हणजे घाबरल्यावर उताराच्या दिशेने झुकायचं, हे डोक्याला कळतं पण अंगाला पटत नाही. आजोबा माझ्या समोर उलटे घसरत होते आणि सारखे म्हणत होते, नडगी, नडगी. ते ओरडले नाहीत, आणि ते माझे नातेवाईक नव्हते. लेसनचे पैसे मी म्हणते या दुसऱ्या गोष्टीचे असतात.

दुपारी चेअरलिफ्टने वर जाऊन आम्ही दोघी हिरव्या रनवरून, म्हणजे सगळ्यात सोप्या उतारावरून, खाली आलो. हळू, पिझ्झाच्या तुकड्यासारख्या स्की करून, पण उभ्याने. खाली रन एकत्र होतात तिथे भाऊजी दिसले. निळ्यावरून, म्हणजे त्याहून अवघड रनवरून आले होते, यूट्यूबवर शिकलेले, पूर्ण मागे रेललेले, आणि दोन्ही मांड्या धरून कुंपणाला टेकून उभे. संध्याकाळी म्हणाले, बनी हिलवर, म्हणजे नवशिक्यांच्या उतारावर, कोणीही करतं. मी म्हटलं उद्या लेसनला चला, पैसे मी भरते. नाही आले. त्या रात्री आम्ही पिझ्झा मागवला, कोणी उपाशी मेलं नाही. जाऊ आता आमच्यापेक्षा छान स्की करते, पण भाऊजींचं अजून चालूच आहे, गेल्या दिवाळीला फराळ करताना सगळ्यांसमोर म्हणाले, "वहिनींचं नॅचरल टॅलेंट होतं म्हणून जमलं, लेसनचं काही नाही त्यात." नॅचरल टॅलेंट! मला अजून सायकल धड चालवता येत नाही, आणि हे त्यांना चांगलं माहितीये.

असो. तुमचा प्रश्न. पार्क सिटीला जा.

आई आहेत ना बरोबर, तर आधी उंची बघायची आणि मग डोंगर. पार्क सिटीचा पायथा ७००० फुटांच्या जरा खाली येतो, वेल गाव ८००० च्या वर, ब्रेकेनरिज तर सांगितलंच. डेन्व्हर एअरपोर्टहून ब्रेकेनरिज म्हणजे शंभरेक मैल, मधे ११००० फुटांवरचा आयझेनहॉवर टनेल, आणि शनिवारी सकाळी आय-७० हायवेवर अख्खं डेन्व्हर तुमच्या पुढे असतं. सॉल्ट लेक सिटी एअरपोर्टवरून पार्क सिटी पाऊण तासात. गावात बस फुकट, त्यामुळे ज्यांना स्की करायची नाही त्यांना कोणाच्या गाडीची वाट बघत बसावं लागत नाही, मेन स्ट्रीटवर मस्त फिरता येतं. आईंना घरात कोंडू नका, दुपारी खालच्या लॉजमध्ये खिडकीपाशी बसवा, नातू पडताना बघायला त्यांना फार आवडेल. वेल माझ्या मते नवशिक्यांसाठी उधळपट्टी आहे, नाव ज्या बॅक बोल्सचं, म्हणजे डोंगरामागच्या अवघड मोकळ्या उतारांचं आहे, तिथे तुम्ही पाऊलसुद्धा टाकणार नाही. शेजारच्या डिअर व्हॅलीत चुकून बुकिंग करू नका, तिथे एपिक चालत नाही, ते आयकॉन या दुसऱ्या कंपनीच्या पासवर आहे, आणि तुमच्यातल्या कोणाला स्नोबोर्ड करायचा असेल तर तिथे बंदीच आहे.

पूर्ण एपिक पास नको. एपिक डे पास घ्या, दिवस मोजून मिळतो, फक्त तुम्हाला ख्रिसमसमुळे हॉलिडेचे दिवस धरलेलाच घ्यावा लागेल. विक्री डिसेंबरच्या सुरुवातीला बंद होते. त्यानंतर खिडकीवर जाल तर गर्दीच्या दिवसांत एका माणसाचं एका दिवसाचं तिकीट ३०० डॉलरच्या वर, मग भाऊजींसारखं लेसनमध्ये वाचवून काय उपयोग. आणि पहिल्या दिवशी लेसनच्या पॅकेजमध्ये लिफ्टचं तिकीट धरलेलं आहे का ते आधी बघा, असेल तर पासचा एक दिवस वाचतो. मुलगा दिवसभराच्या स्की स्कूलमध्ये. त्याला स्वतः शिकवू नका. बायकोला तर अजिबात नका.

जायच्या आधी एक रविवार ईस्ट रदरफर्डच्या अमेरिकन ड्रीम मॉलमध्ये काढा. तिथे बिग स्नो म्हणून इनडोअर स्की आहे, २०१९ ला सुरू झालं, आत वर्षभर २८ फॅरनहाइट, स्की-बूटच काय जॅकेट-पँटही तिथेच भाड्याने मिळतात. मिसेसना घेऊन जा. दोन तासांनंतर त्या नको म्हणाल्या तर नको, विषय संपला, निदान त्यांनी स्वतः म्हटलेलं असेल. कपडे विकत घेत सुटू नका, मंडळाच्या ग्रुपवर टाका, मुलांना लहान झालेल्या स्नोपँट घरोघरी पडलेल्या असतात. जीन्स घालून कोणीही जायचं नाही, भिजली की संपलं.

थोडं राहिलं. आईंना बीपी किंवा दम्याचा त्रास असेल तर पार्क सिटीलासुद्धा आधी डॉक्टरांना विचारा, ७००० फूट म्हणजे काही कमी नाही, आणि पहिल्या दिवशी पाणी भरपूर पिऊन नुसतं बसून राहायचं. कोणीतरी कॅनडातलं व्हिसलर सुचवेल, गाव २३०० फुटांच्याही खाली आहे म्हणून उंचीच्या दृष्टीने उत्तमच, पण तुम्ही एच१बी वर आणि आई टुरिस्ट व्हिसावर असाल तर सगळ्यांना कॅनडाचा व्हिसा आधी काढावा लागेल, डिसेंबरच्या तोंडावर ते कोण करणार. ख्रिसमसपर्यंत बर्फ पुरेसा पडलेला असतोच असं नाही, खूप रन बंद असतात आणि उघड्या असलेल्यांवर सगळी गर्दी. २०२४ च्या ख्रिसमसला तर पार्क सिटीत स्की पेट्रोलचा, म्हणजे डोंगरावर सुरक्षा बघणाऱ्यांचा, संप झाला आणि लोक लिफ्टच्या रांगेत तिष्ठत उभे होते. तारखा हलत असतील तर जानेवारीच्या शेवटी जा, मार्टिन ल्यूथर किंग वीकेंडची सुट्टी उलटून गेल्यावर. शाळा बुडते म्हणाल, तर सहा वर्षांच्या पोराची काय शाळा बुडते हो.