लेन्स कुठली, बॉडी कुठली? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझ्याकडे कॅनन १५००डी आणि ५५-२५० मिमी लेन्स आहे. खाडीतले फ्लेमिंगो फोटोत फारच लहान येतात. फुल-फ्रेम बॉडी घेतल्यास ते मोठे दिसतील, असं दुकानदार म्हणतो. घेऊ का? – एक वाचक, ऐरोली

उत्तर : नका घेऊ, या कामासाठी तरी नाहीच. तुमचा सेन्सर २२.३ × १४.९ मिमीचा आहे, फुल-फ्रेमचा ३६ × २४. लेन्स तीच आणि पक्षी तेवढ्याच अंतरावर असेल, तर सेन्सरवर त्याची प्रतिमा दोन्हीकडे सारख्याच आकाराची पडते. तुमच्यासारखा लहान, म्हणजे क्रॉप सेन्सर फक्त भोवतालचं चिखल-पाणी कापतो, म्हणून २५० मिमीची चौकट ४०० मिमीसारखी वाटते. शिवाय तुमचे २४ मेगापिक्सेल लहान जागेत दाटीने बसलेत. २४ मेगापिक्सेलच्याच फुल-फ्रेमवर त्याच पक्ष्याच्या वाट्याला ४० टक्क्यांहूनही कमी पिक्सेल येतील.

आणखी एक. तुमच्या लेन्सच्या माउंटजवळ पांढरा चौकोन आहे, तो पाहा. ती ईएफ-एस जातीची, म्हणजे फक्त क्रॉप सेन्सरसाठीच्या लेन्सची खूण. कॅननच्या फुल-फ्रेम डीएसएलआरवर नुसता लाल ठिपका असतो आणि ही लेन्स तिथे चढतच नाही. तिचा मागचा भाग आत जास्त शिरतो, मोठा आरसा त्यावर आदळला असता.

पैसे लेन्समध्येच घाला. ईएफ १००-४०० तुमच्या बॉडीवर १६० ते ६४० मिमीची चौकट देईल आणि पुढे फुल-फ्रेमवरही चालेल. वापरलेली घेणार असाल तर मागून टॉर्च मारून पुढून बघा. आपल्या दमट हवेत काचेच्या आत बुरशी धरते, ती कोळिष्टकासारख्या तंतूंनी ओळखू येते. तशी दिसली तर कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका.

तोवर भरतीचं वेळापत्रक बघून जात चला. ओहोटीला पक्षी दूर उघड्या चिखलात चरतात, पाणी चढू लागलं की काठाकडे सरकतात. ऊन तापलं की चिखलावरची हवा थरथरते, मग महागड्या लेन्सनेही तपशील धुरकट येतात. सकाळी लवकर उरका. उडत्या पक्ष्याला शटर १/१६००, अ‍ॅपर्चर एफ/५.६ किंवा ८, आयएसओ ऑटो.

प्रश्न : निकॉन डी५६०० वरून झेड५ वर जायचंय. १८-५५, ३५ मिमी एफ/१.८ या डीएक्स लेन्स आहेत, आणि जुनी ५० मिमी एफ/१.८डी. काय ठेवू? – एक वाचक, पाचपाखाडी, ठाणे

उत्तर : झेड५ फुल-फ्रेम आहे. जुन्या निकॉन लेन्स झेड बॉडीवर बसवणारा एफटीझेड अ‍ॅडॉप्टर लावून तिन्ही बसतील. पण डीएक्स, म्हणजे क्रॉप सेन्सरसाठीची लेन्स लागली की कॅमेरा आपोआप क्रॉप करतो आणि २४ मेगापिक्सेलचे साधारण १० उरतात. १२ × ८ इंचांच्या प्रिंटला तेवढे पुरतात. तरी त्यासाठी फुल-फ्रेमचे पैसे कशाला मोजायचे? १८-५५ बॉडीसोबतच विका. ३५ मिमी नवी लेन्स येईपर्यंत वापरा, तिची चौकट ५० मिमीसारखी मिळेल. ५० मिमी डी ठेवा, ती पूर्ण सेन्सर व्यापते. फोकस मात्र हातानेच करावा लागेल, कारण लेन्समध्ये मोटर नाही आणि अ‍ॅडॉप्टरमध्येही नाही. डी५६०० वर तुम्ही तेच करत असणार.

प्रश्न : क्रॉपवर एफ/१.८ म्हणजे एफ/२.८ च, असं ऐकलं. मग वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात नृत्याचे फोटो काळोखे येतील का? – एक वाचक, वाशी

उत्तर : नाही. एक्स्पोजर बदलत नाही, एफ/१.८, शटर १/२५० आणि आयएसओ तोच असेल तर दोन्ही फोटो सारखेच उजळ येतात. फरक दोन ठिकाणी पडतो. तीच चौकट मिळवायला क्रॉपवर लहान फोकल लेंग्थ लागते किंवा मागे सरकावं लागतं, त्यामुळे पार्श्वभूमी कमी धूसर होते. आणि त्याच आयएसओला फुल-फ्रेममध्ये दाणे कमी येतात, कारण मोठ्या सेन्सरवर एकूण प्रकाश जास्त पडतो. रंगमंचाचेच फोटो नेहमी काढणार असाल, तर फुल-फ्रेमचा खर्च इथे खरोखर वसूल होतो. तूर्त ५० मिमी लावा आणि एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन उणे १ वर ठेवा. मागच्या काळ्या पडद्यामुळे मीटर फसतो आणि नर्तकीचा चेहरा पांढराफटक पडतो.