स्पेनमध्ये एकच दिवस माउंटन बाइक चालवायला मिळणार असेल, आणि इतिहासही बघायचा असेल, तर कुठे जावं?

अस्तोर्गा ते पोनफेरादा, डोळे झाकून. सांतियागो या ख्रिस्ती तीर्थक्षेत्राच्या जुन्या यात्रेच्या वाटेवरचा हा साधारण 50-55 किमीचा तुकडा आहे, पिवळे बाण दिसतात त्यामुळे रस्ता चुकायची भीती नाही. अस्तोर्गा हे मूळचं रोमन शहर, तिथे प्रसिद्ध स्पॅनिश वास्तुकार गाउदीने डिझाइन केलेला बिशपचा राजवाडा आहे, तो बघून सकाळी लवकरच निघा. थोडी वाट वाकडी करून कास्त्रियो दे लोस पोल्वाझारेसला जाच, अख्खं गाव दगडी, मोठमोठे दरवाजे आहेत कारण हे खेचरांवरून मालवाहतूक करणाऱ्या मारागातो लोकांचं गाव, आणि त्यांचं कोसिदो (मांस, चणे, भाज्या एकत्र शिजवलेलं जेवण) उलटं खातात, आधी मांस, मग चणे-भाजी, शेवटी सूप! पण पोटभर खाऊन चढ चढवणार नाही हं, पुढे राबानाल, फोन्सेबादोन करत सुमारे 1500 मीटरवर क्रूझ दे फेरोपर्यंत चढच आहे. तिथे उंच लाकडी खांबावर छोटासा लोखंडी क्रॉस, खाली यात्रेकरूंनी घरून आणून टाकलेल्या दगडांचा ढीग, काहींवर नावं लिहिलेली.

त्यानंतरचा उतार मात्र सिरियसली घ्या, सुटे दगड आहेत, पायी यात्रेकरूही असतात. एल आसेबो गावाबाहेर इथे जीव गेलेल्या सायकलस्वाराच्या आठवणीत लोखंडी सायकल उभी केलीये. ब्रेकवर भरवसा नसेल तर सरळ डांबरी रस्ता धरा, मोलिनासेकाला नदीत पाय बुडवा, मग पोनफेरादाचा टेम्पलर (मध्ययुगातल्या ख्रिस्ती योद्धा-संन्याशांचा) किल्ला.