घरी बांधलेलं मारुती 800 चं इंजिन जाम झालं. परत उघडू की गाडी भंगारात देऊ?

पहिली गोष्ट, सेल्फ मारू नका. रात्रभर गार झाल्यावर पुली पान्याने थोडी फिरली म्हणून "सुटलं बहुतेक, उद्या चालू करून बघतो" असं तुम्ही लिहिलंय, ते वाचूनच हे उत्तर लिहायला घेतलं. गरम असताना पकडलेलं बेअरिंग गार झाल्यावर सुटतं, पण सुटलं म्हणजे बरं झालं असं नाही. आत्ता कदाचित क्रँकचं (पिस्टनच्या जोरावर फिरणाऱ्या मुख्य दांड्याचं) एक जर्नल, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग, आणि पिस्टनला क्रँकशी जोडणारा एक रॉड गेला असेल. अजून थोडा वेळ चालवलंत तर तोच रॉड तुटून ब्लॉकला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य सांगाड्याला, भोक पाडून बाहेर येईल, आणि मग वाचवण्यासारखं फार काही उरणार नाही.

बाकीच्यांसाठी प्रकरण थोडक्यात असं: 2003 ची मारुती 800, ठाण्याची पासिंग. धूर मारत होती म्हणून यांनी सोसायटीच्या पार्किंगमध्ये इंजिन स्वतः उतरवलं, बोअर-पिस्टन बाहेरून करून आणले, नवीन शेल (जर्नलभोवती बसणाऱ्या बेअरिंगच्या अर्धगोल पट्ट्या) टाकले आणि जोडणी व्हिडिओ बघून स्वतःच केली. थोडे दिवस गाडी झकास चालली. मग घोडबंदर रोडला गायमुखच्या घाटात ट्रॅफिकमध्ये ऑइलचा लाल दिवा लुकलुकला, कासारवडवलीला खालून खटखट सुरू झाली आणि मानपाड्याच्या अलीकडे इंजिन जागेवर बसलं. प्रश्न दोन: चुकलं कुठे, आणि आता परत बांधू की देऊन टाकू?

मी ऐरोलीत राहतो, रबाळ्याला एमआयडीसीत क्रँक ग्राइंडिंगच्या कामावर आहे. गॅरेजवाल्याला अख्खी गाडी दिसते, मला फक्त खराब झालेला क्रँक दिसतो. आणणारा हटकून एवढंच विचारतो, "पॉइंट पंचवीस मारून कधी मिळेल?" म्हणजे जर्नल 0.25 मिमी घासून. क्रँक गेला कशाने, हे विचारणारे थोडेच. शेल हा बळी असतो हो. मारणारा आत कुठेतरी वेगळाच बसलेला असतो, आणि त्याला न शोधता नवीन शेल टाकले की तेही त्याच वाटेने जातात. मालाचे पैसे जातात, मजुरीचे जातात, वर घरचे बोलतात ते वेगळंच.

तुमच्या हकिकतीत क्रम बघा. आधी दिवा, मग आवाज, मग जाम. आधी टेंपरेचरचा काटा चढला असता, पिकअप पडला असता आणि मग इंजिन बसलं असतं, तर मी कूलंट आणि पिस्टनकडे बघा म्हटलं असतं. इथे ऑइलचा दाब आधी गेलाय. आणि तो घाटात, रांगेत उभं असताना का गेला यालाही कारण आहे. ऑइल तापून पातळ झालेलं, इंजिन आयडलवर, म्हणजे पंपही सगळ्यात हळू फिरतोय. दाब सर्वांत कमी असतो तो अशाच वेळी. मोकळ्या रस्त्यावर दोन-तीन हजार आरपीएमला तीच खोट झाकली जाते. त्यामुळे गाडी "थोडे दिवस झकास चालली" यावर माझा फारसा विश्वास नाही. दाब तेव्हाही काठावरच असणार.

डॅशबोर्डवरच्या दिव्यावर तर मुळीच विसंबू नका. त्याचा स्विच बहुतेक गाड्यांत 0.3 बारच्या आसपास दाब आला की दिवा विझवतो. चालत्या इंजिनाला त्याच्या कितीतरी पट दाब लागतो. ढोबळ हिशेब दर हजार आरपीएमला 10 पीएसआय, म्हणजे साधारण 0.7 बार. दिवा विझलेला असतानाही बेअरिंग अर्धपोटी चालू शकतं. आणि दिवा लागला की गाडी त्याच क्षणी बंद करायची असते, रस्त्याच्या मधोमध असलात तरी. हे तुम्हाला टोमणा म्हणून नाही. वाचणाऱ्या दहांपैकी नऊ जण "घर आलंच की" म्हणून रेटतात.

आता माझा पहिला संशय. तुमच्या प्रश्नात एक वाक्य आहे: "चेंबर गळू नये म्हणून गॅस्केट मेकर भरपूर लावला." चेंबरच्या, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याच्या, कडेला गॅस्केट मेकरच्या सिलिकॉनची जाड वळी लावून बोल्ट आवळले की ती जेवढी बाहेर येते तेवढीच आतही येते. बाहेरची आपण बोटाने पुसून टाकतो. आतली लोंबत राहते, तापलेल्या ऑइलमध्ये सुटते आणि पंपाला ऑइल ओढून देणाऱ्या स्ट्रेनरच्या जाळीवर जाऊन बसते. मागे आमच्याकडे एका ओम्नीचा क्रँक आला होता, इंजिन तुमच्यासारखंच, 796 सीसी, तीन सिलिंडरचं. गॅरेजवाला शहाणा, त्याने स्ट्रेनरही प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणला होता. जाळीवर करड्या सिलिकॉनचे पेराएवढे तुकडे एकावर एक चिकटलेले, मधे नखाएवढी जागा मोकळी. चिमट्याने एक तुकडा ओढला तर ताणला गेला, तुटला नाही. सबंध इंजिन त्या नखाएवढ्या जागेतून ऑइल पीत होतं. क्रँकचं एक रॉड जर्नल निळं-जांभळं पडलेलं, आणि शेलचा चंदेरी थर जाऊन खालचं तांबं वर आलेलं. बाकीची जर्नलं वरवर ठीक दिसत होती, पण मायक्रोमीटरला त्यातलंही एक कमी भरलं.

दुसरा संशय तुमच्या दुसऱ्या वाक्यावरून: "क्रँक हाताला गुळगुळीत लागला, म्हणून स्टँडर्ड शेलच टाकले." स्टँडर्ड म्हणजे न घासलेल्या क्रँकचे, मूळ मापाचे. हाताला गुळगुळीत लागणं वेगळं आणि मापात असणं वेगळं. जर्नल आणि शेल यांच्यात ऑइलसाठी जी फट हवी, तिचा जुना ठोकताळा जर्नलच्या दर 25 मिमी व्यासाला साधारण 0.025 मिमी असा आहे. नेमका आकडा त्या इंजिनाच्या मॅन्युअलचाच धरायचा. म्हणजे आपण केसापेक्षा बारीक फटीबद्दल बोलतोय, ती बोटाला कशी कळणार? क्रँक झिजलेला असेल तर फट वाढते, ऑइल कडेने निसटतं, दाब पडतो. त्यात स्ट्रेनर अर्धा बंद असला तर दुष्काळात तेरावा महिना.

तिसरी शक्यता बोअरिंग-होनिंगच्या, म्हणजे सिलिंडर आतून कापून-घासून घेतल्याच्या, कचऱ्याची. ब्लॉक करून आणल्यावर बहुतेक जण तो पेट्रोल नाहीतर रॉकेलने धुतात. दिसायला चकाचक होतो, पण होनिंगची बारीक कच धातूच्या ओरखड्यांत तशीच राहते. ती निघते गरम पाणी, साबण आणि ब्रशने, अगदी ऑइलच्या गॅलऱ्यांत (ब्लॉकमधल्या ऑइलच्या वाटांत) लांब ब्रश घालून. धुऊन झाल्यावर पांढरं फडकं ऑइलमध्ये बुडवून सिलिंडरमध्ये फिरवायचं. करडं निघालं तर परत धुवायचं. मग लगेच हवा मारून ऑइल लावायचं, नाहीतर आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत बघता बघता गंज धरतो.

मेन बेअरिंगचं (क्रँकला ब्लॉकमध्ये धरणाऱ्या बेअरिंगचं) भोकवालं शेल खाली आणि बिनभोकाचं वर लागणं, किंवा रॉडच्या कॅपची, म्हणजे खालच्या अर्ध्या झाकणाची, अदलाबदल, या चुका असत्या तर इंजिनाने इतके दिवस काढले नसते. त्या मी मागे ठेवतो.

आता उघडताना. तुमचा हात लगेच धुवायला जाईल, तो आवरा. आत जे सापडेल ते धुण्याआधी बघायचंय. ऑइल स्वच्छ ट्रेमध्ये, वर जुना पांढरा बनियन ताणून गाळा. जी चमचम राहील त्यावर लोहचुंबक फिरवा. चिकटलं ते लोखंड-पोलाद: क्रँक, कॅम, रिंगा. न चिकटलेलं चंदेरी म्हणजे शेलचा थर किंवा पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम. तांबूस असेल तर शेल खोलवर गेलंय. ऑइल दुधाळ असेल तर मात्र गोष्टच वेगळी, हेड गॅस्केटमधून पाणी आलंय आणि वर मी लिहिलेलं सगळं दुय्यम.

मग फिल्टर कापा. हॅकसॉने कापलात तर ब्लेडचा भुगा आत पडतो आणि चुंबकाची तपासणी फसते, तेव्हा पत्र्याच्या कात्रीने कडेकडेने कापा. आतला कागद पंख्यासारखा उलगडून उन्हात धरा. त्यानंतर चेंबर उतरवून स्ट्रेनर. जाळी तर बघाच, पण स्ट्रेनरची नळी ब्लॉकला जिथे लागते तिथलं रबरी सील आहे का, दबलंय का, हेही बघा. ते राहून गेलं तर पंप ऑइलबरोबर हवा ओढतो आणि लक्षणं हुबेहूब हीच येतात. प्रत्येक टप्प्याचा मोबाइलवर फोटो काढा, आणि शेल काढताना कुठल्या रॉडचं वरचं-खालचं ते पाठीवर मार्करने लिहा.

काढलेलं ऑइल सोसायटीच्या गटारात ओतू नका, ही विनंती. आपल्याकडची गटारं शेवटी ठाण्याच्या खाडीत जातात, आणि तिथे फ्लेमिंगो बघायला आपणच पोरांना घेऊन जातो. वापरलेलं ऑइल कायद्याने घातक कचऱ्यात धरतात. कॅनमध्ये भरून मोठ्या गॅरेजला द्या, तिथून रीतसर गोळा करणारे नेतात.

बांधायचं की नाही, हे ब्लॉकवर ठरवा. ब्लॉक शाबूत असेल आणि क्रँक 0.25 किंवा फार तर 0.50 मिमी घासून साफ होत असेल, तर मी म्हणेन बांधा. मात्र एकच शेल बदलून भागणार नाही. ऑइल पंप फिल्टरच्या आधी येतो, म्हणजे धातूचा सगळा चुरा आधी पंपातून गेलाय. फिल्टर चोंदला की त्याचा बायपास उघडतो आणि न गाळलेलं ऑइल थेट बेअरिंगना जातं. त्यामुळे सगळे शेल नवीन, पंप उघडून तपासायचा, ओरखडे असतील तर बदलायचा, आणि क्रँकच्या आतली ऑइलची भोकं तारेने व हवेने साफ करायची. शेल रॉडमध्ये फिरलं असेल तर रॉडचं मोठं तोंडही मापात राहत नाही. तो रॉड तसाच परत घालू नका. ग्राइंडिंगला क्रँक देताना नवीन शेलही बरोबर द्या, म्हणजे शेल बघून माप धरता येतं. बांधणी घरी करा, हौस आहे तर का नाही, पण मोजमाप मायक्रोमीटर रोज हातात असलेल्या माणसाकडून करून घ्या आणि टॉर्क रेंच भाड्याने का होईना आणा. वागळे इस्टेट किंवा ठाणे-बेलापूर पट्ट्यात ही कामं करणारे भरपूर आहेत. दोन-तीन ठिकाणी विचारून मगच टाका.

ब्लॉकच फुटला असेल तर लोक कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून जुनं इंजिन आणायला सांगतील. इंजिन मिळेल, पण इंजिन नंबर ब्लॉकवर असतो आणि तोच आरसीवर. क्रँक, हेड, पिस्टन बदलले तर आरटीओला देणंघेणं नाही. ब्लॉक बदलला की नोंद करून घ्यावी लागते. ज्या गाडीतून इंजिन काढलंय तिचे कागद आणि पक्कं बिल मिळत नसेल तर हात लावू नका. "जुना नंबर ठोकून देतो" म्हणणारा भेटला तर तिथून निघाच, तो सरळसरळ गुन्हा आहे. विम्याची आशाही धरू नका. नेहमीच्या पॉलिसीत यांत्रिक बिघाड वगळलेलाच असतो.

आणि हिशेब करताना पुढचं नूतनीकरणही धरा. 20 वर्षांवरच्या मोटारीची नोंदणी नूतनीकरणाची फी 2025 मध्ये 5 हजारांवरून 10 हजार झाली. तुमची मुदत 2028 ला संपते म्हणता, म्हणजे इंजिनावरचा खर्च त्या तारखेपर्यंत वसूल होतो का, हा प्रश्न वहीत मांडून बघा. फक्त कामापुरती गाडी हवी असेल तर ब्लॉक फुटल्यावर मी तरी तिला नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात देईन. वडिलांची गाडी म्हणून ठेवायची असेल तर हिशेब वेगळा, त्यात मी पडत नाही.

परत बांधलंत तर चेंबरला सिलिकॉनची बारीक, सलग रेघ पुरते, बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूने. पहिल्यांदा चालू करताना प्लग काढून, इंधन बंद ठेवून सेल्फवर फिरवा आणि दिव्याच्या स्विचच्या जागी साधं मेकॅनिकल प्रेशर गेज लावा. काटा उचलल्याशिवाय प्लग बसवायचे नाहीत. पूर्ण गरम झाल्यावर आयडलला काटा किती दाखवतो ते लिहून ठेवा. पहिलं ऑइल आणि फिल्टर लवकर बदला आणि तोही फिल्टर कापून बघा.

स्ट्रेनरवर सिलिकॉन निघालं तर उत्तर मिळालंच. नाही निघालं, तर चारही मेन आणि तीनही रॉड जर्नलची मापं, प्रत्येकाची दोन दिशांनी घेतलेली, इथे खाली टाका. त्यावरून पुढचं सांगतो.