मेक्सिकोची आजची संस्कृती स्पॅनिश म्हणायची की मूळ रहिवाशांची?

कामानिमित्त मी दीड वर्ष पुएब्ला शहरात राहिलो. तिथे जाताना माझ्याही डोक्यात हाच प्रश्न होता. आता वाटतं, या प्रश्नात शेजारी राहून जातात आणि निम्मी गोष्ट तर त्यांचीच आहे.

पुएब्लाला लागूनच त्लास्काला आहे. त्या काळी मध्य मेक्सिकोवर सत्ता असलेल्या अझ्टेकांनी तिथल्या लोकांची चहूबाजूंनी कोंडी केली होती, मीठ-कापूससुद्धा मिळू देत नव्हते. 1519 मध्ये स्पॅनिश सेनानी कोर्तेस उतरला तो पाचेकशे सैनिक घेऊन. त्लास्कालावाले आधी त्याच्याशी लढले, मग त्याला मिळाले. 13 ऑगस्ट 1521 रोजी अझ्टेकांची राजधानी तेनोच्तित्लान पडली ती अशा हजारो शेजाऱ्यांच्या बळावर. आदल्या वर्षी आलेल्या देवी रोगाच्या साथीने ती आधीच खिळखिळी झाली होती. पुढे दक्षिणेच्या मोहिमांतही हे लोक स्पॅनिशांबरोबर गेले. ‘ग्वाटेमाला’ हे नाव त्यांच्याच नाहुआट्ल भाषेतून आलंय.

म्हणून स्पॅनिशांचं पाप हलकं होत नाही. जवळच्या चोलुलात त्यांनी आणि त्लास्कालावाल्यांनी मिळून भयंकर कत्तल केली. नंतर तिथल्या पिरॅमिडच्या माथ्यावर चर्च बांधलं. लांबून ती गवत वाढलेली साधी टेकडीच वाटते. खाली काय आहे ते कळल्यावर मी बराच वेळ तिथून हललो नाही.

देवळं गेली, चूल मात्र टिकली. माझी घरमालकीण रात्री मका चुन्याच्या पाण्यात उकळून तसाच ठेवायची आणि सकाळी हाताने चोळून सालं काढायची. घरभर ओल्या चुन्याचा वास. मग मेताते, म्हणजे तीन पायांचा दगडी पाटा, त्यावर वाटण. ही रीत कोर्तेसच्या कितीतरी आधीची. पण सणाच्या ‘मोले’त, म्हणजे घट्ट मसालेदार रश्शात, मिरच्या आणि कोको तिथले, तीळ-बदाम स्पेनहून आलेले, लवंग-दालचिनी आशियातली. 1565 ते 1815 फिलिपिन्समधल्या मनिलाहून मेक्सिकोच्या आकापुल्को बंदरात जहाजं येत. तिथल्या एका आंब्याला आजही ‘मनिला’च म्हणतात.

विसाव्या शतकात लेबनॉनकडच्या लोकांनी उभ्या सळीवर मांस भाजायची रीत आणली. मेक्सिकोत तिला डुकराचं मांस आणि मिरचीचं वाटण मिळालं, त्यातून ‘ताको अल पास्तोर’ हा पदार्थ झाला. उत्तरेच्या शेजाऱ्याने, अमेरिकेने, 1848 पर्यंत निम्म्याहून अधिक मुलूख घेतला. तरी उत्तर मेक्सिकोच्या गाण्यांचा जीव असलेला अकॉर्डियन त्याच भागात येऊन वसलेल्या जर्मनांकडून आला.

एकदा मंडईत चक्क चिकू दिसले. नाव विचारलं तर बाई म्हणाली, ‘चिकोसापोते’. फळ तिथलं, शब्दाचं मूळ नाहुआट्ल. आमच्याकडे यालाच चिकू म्हणतात, डहाणूला मोठ्या बागा आहेत, हे सांगितल्यावर तिने ते नाव दोनदा म्हणून पाहिलं आणि पिशवीत दोन चिकू जास्तीचे टाकले.